नायट्रोजन बसला, पण कार्बन बसला का?

एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न लांबलचक आहे, गोषवारा देते. पीएच.डी.चं पहिलं वर्ष, काम एका सेंद्रिय रेणूच्या नायट्रोजन आणि कार्बन या दोन्ही अणूंना धातू जोडायचं. डायमिथाइलबेंझिलअमाइनवर पॅलेडियम क्लोराइड लावलं, मिथेनॉलमध्ये, साध्या तापमानाला, आणि संध्याकाळपर्यंत पिवळा घन मिळाला. त्याच हिशेबाने फिनाइलपिरिडीनवर प्लॅटिनम लावायला गेली तर दोन दिवस काहीच झालं नाही. मग एथॉक्सीएथेनॉल आणि पाण्यात ८० अंशांवर रात्रभर तापवलं. पिवळसर घन आला, पण एनएमआरमध्ये (रेणूतल्या वेगवेगळ्या हायड्रोजनांचे सिग्नल दाखवणाऱ्या तपासणीत) हवेत त्याच्या दुप्पट सिग्नल. शिवाय पॅलेडियम ॲसिटेट वापरून केलेल्या दुसऱ्या प्रयोगात बेंझिलच्या सीएचटूचा एक सिग्नल यायच्या जागी चार रेघा आल्या. दोन्हींवर गाइडचं म्हणणं एकच: "इम्प्युअर आहे, कॉलम कर."

कॉलम, म्हणजे सिलिकाच्या नळीतून पदार्थ वेगळे करणं, थांबव. दोन्ही सॅम्पल बहुधा स्वच्छ आहेत. पॅलेडियमच्या चार रेघा त्या रेणूच्या आकारामुळे आल्यात. प्लॅटिनमच्या नळीत मात्र तू समजतेस ते कॉम्प्लेक्स (धातूला रेणू जोडून बनलेलं संयुग) नाही, त्याचा सख्खा भाऊ आहे. मी स्वतः सुरुवातीला याच भावाला "अशुद्धी" समजून पाच कॉलम चालवले होते. प्रत्येक वेळी सिग्नलांचे दोन्ही संच हातात हात घालून खाली उतरायचे, आणि मला वाटायचं माझी सिलिकाच खराब आहे.

आधी पॅलेडियम. तू जे केलंस ते मुळात १९६८ मध्ये कोप आणि फ्रीडरिख यांनी दाखवलेलं काम. त्याआधी १९६५ मध्ये कोप आणि सीकमन यांनी अझोबेंझीनवर पॅलेडियम आणि प्लॅटिनम दोन्ही बसवले होते. गोष्ट दोन पायऱ्यांत घडते. नायट्रोजन आधी येऊन धातूला धरतो. ही पायरी पटकन होते, परत उलटतेही. मग धातू शेजारच्या बेंझीन वलयाच्या ऑर्थो जागेकडे (जोडणीच्या लगतच्या कोपऱ्याकडे) वाकतो, तिथला हायड्रोजन प्रोटॉन म्हणून निघून जातो आणि कार्बन–धातू बंध जुळतो. पाच अणूंचं वलय तयार होतं: धातू, नायट्रोजन आणि तीन कार्बन. पाचाचं वलय जमलं की हे सगळं सुरळीत. कोप आणि फ्रीडरिख यांच्या परिस्थितीत सहाच्या वलयाकडे जाणारे अमाइन वठले नाहीत, आणि नायट्रोजनवर हायड्रोजन असलेले साधे बेंझिलअमाइनही नाहीत. ते पुढे इतर मार्गांनी झाले, पण आज तो विषय नाही.

मुद्दा हा की पहिली पायरी झाली म्हणजे दुसरी झाली असं अजिबात नाही. पॅलेडियमवर दोन अमाइन नुसते नायट्रोजनने टांगून, दोन्ही क्लोराइड शाबूत ठेवून जे कॉम्प्लेक्स बनतं तेही पिवळंच असतं आणि मिथेनॉलमधून तसंच खाली बसतं. दिसायला फरक शून्य. म्हणून विद्यार्थ्यांना मी एकच प्रश्न विचारते, अगदी कंटाळा येईपर्यंत: नायट्रोजन बसला हे ठीक, कार्बन बसला का? पुरावा दाखव.

प्रमाणाचीही यात गोम आहे. पॅलेडियम क्लोराइड १७७ मिलीग्रॅम, लिथियम क्लोराइड ८५ मिलीग्रॅम, मिथेनॉल १० मिली: ढवळत राहिलीस की तपकिरी पूड विरघळून लालसर-तपकिरी द्रावण होतं. तळाशी उरलेली पूड गाळून टाक, तिला तशीच पुढे नेऊ नकोस. मग अमाइन दोन समतुल्य (पॅलेडियमच्या एका अणूमागे दोन रेणू), म्हणजे २७० मिलीग्रॅम. एक समतुल्य वलयात जातो, दुसरा सुटलेला प्रोटॉन उचलतो. याहून जास्त अमाइन ओतलंस तर ते प्रोटॉन उचलायच्या ऐवजी धातूवरच जाऊन बसतं, आणि टांगलेलं कॉम्प्लेक्स मिळायची शक्यता वाढते. लिगँड (धातूला धरणारा रेणू) महागडा असेल तर एकच समतुल्य घेऊन बाकीचं काम सोडियम ॲसिटेटवर सोडावं. ॲसिटेट इथे साधा आम्लशोषक नाही. तो एका ऑक्सिजनने धातूला धरतो आणि दुसऱ्याने ऑर्थोचा हायड्रोजन उचलतो, सहा अणूंच्या फेऱ्यात. २००५ मध्ये डेव्हिस, डोनल्ड आणि मॅकग्रेगर यांनी संगणकीय हिशेबाने हे चांगलं उलगडून दाखवलं.

क्लोराइड डायमर, म्हणजे दोन धातूंचे दोन तुकडे क्लोराइडच्या पुलांनी जोडलेला रेणू, हवा तसा झाला असेल तर मूलद्रव्य विश्लेषणात कार्बन ३९.१६, हायड्रोजन ४.३८, नायट्रोजन ५.०७ टक्के यायला हवा. नुसत्या टांगलेल्या द्वि-अमाइनचा कार्बन ४८.२९. फरक नऊ टक्क्यांचा आहे, त्यामुळे पुसट शंकेलाही जागा राहत नाही. एनएमआरमध्ये मोकळ्या अमाइनचे मिथाइल २.२ पीपीएमजवळ (पीपीएम हे सिग्नलच्या जागेचं एकक) असतात, ते २.८ ते २.९ पर्यंत सरकतात, सीएचटू ३.४ वरून ३.९ च्या आसपास. पण हे सरकणं नायट्रोजन बसल्याचं आहे. कार्बनचा पुरावा सुगंधी भागात (बेंझीन वलयाच्या प्रोटॉनांच्या) शोधायचा: पाच प्रोटॉनचे चार झाले का? इंटिग्रेशन (सिग्नलखालचं क्षेत्रफळ, प्रोटॉनांची संख्या सांगणारं) मिथाइलच्या सहा प्रोटॉनांशी ताडून बघ. क्लोरोफॉर्मच्या शिल्लक सिग्नलचा वाटा त्यात मिसळला तर चाराचे पाच दिसतात आणि माणूस उगाच रडत बसतो.

मिथाइलच्या जागी दोन जवळजवळच्या रेघा दिसतील. घाबरू नकोस. डायमरमधले दोन तुकडे एकमेकांच्या उलट दिशेने बसू शकतात किंवा एकाच दिशेने, आणि द्रावणात दोन्ही असतात. हे तपासायची माझी आवडती युक्ती: त्याच एनएमआर नळीत ड्युटरेटेड (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) पिरिडीनचा एक थेंब. क्लोराइडचे पूल तुटतात, प्रत्येक धातूवर एक पिरिडीन येऊन बसतं, गढूळ नळी डोळ्यांदेखत निवळते. दोन संच होते त्यांचा एक झाला तर ते समघटक (त्याच घटकांच्या वेगळ्या मांडण्या) होते. थेंबानंतरही दोनच राहिले तर मिश्रण आहे, मग कॉलमचं बघू. पाच मिनिटांचं काम, पण कित्येक प्रबंधांतले महिने वाचवणारं.

डीएमएसओमध्ये (डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकात) एनएमआर काढायची सवय मात्र सोड. डायमर नीट विरघळत नाही म्हणून सगळे तिकडेच धावतात. डीएमएसओसुद्धा पूल तोडून धातूवर बसतो, आणि तू "डायमरचा स्पेक्ट्रम" म्हणून जे लिहितेस तो डायमरचा नसतोच.

आता त्या चार रेघा. पॅलेडियम ॲसिटेटने केलेल्या डायमरमध्ये दोन धातूंना दोन ॲसिटेट जोडतात, आणि ॲसिटेटचा सांधा असा आहे की रेणू सपाट राहूच शकत नाही. अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा दुमडतो. दोन पॅलेडियम साधारण २.९ अँगस्ट्रॉमवर येतात. क्लोराइड पुलाच्या सपाटसर डायमरमध्ये हेच अंतर साडेतीनच्या आसपास असतं. पुस्तक दुमडलं की सीएचटूचा एक हायड्रोजन घडीच्या आत आणि दुसरा बाहेर, मग दोघांना एकच सिग्नल कसा मिळेल? एकमेकांना १३–१४ हर्ट्झने दुभंगून ते दोन डबलेट (दुहेरी रेघा) देतात. याच चार रेघा तू पाहिल्यास. मिथाइलचेही दोन वेगळे सिग्नल दिसतील, आणि ॲसिटेटचा एक. लिथियम क्लोराइडबरोबर ॲसिटोनमध्ये ढवळून ॲसिटेट बदलून टाक. सीएचटू पुन्हा एका रेघेवर आला तर गाइडना तो स्पेक्ट्रम शेजारी ठेवून दाखव. वाद घालायची गरज पडत नाही.

प्लॅटिनमकडे येऊ.

तुझी पहिली चूक मिथेनॉलची. पोटॅशियम टेट्राक्लोरोप्लॅटिनेट मिथेनॉलमध्ये जवळपास विरघळतच नाही. लाल पूड तळाशी फिरत राहिली असेल आणि वरचं द्रावण रंगहीन, आठवून बघ. पण ते विरघळलं असतं तरी साध्या तापमानाला काम झालं नसतं. दोन्ही धातू आठ डी-इलेक्ट्रॉनांचे, दोन्ही चौरस आणि सपाट, बंधांची लांबीही जवळपास सारखी. वेगात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. धातूवरचं पाणी बदलायचा दर मोजला तर पॅलेडियम प्लॅटिनमहून दहा लाखांहून जास्त पटींनी चपळ निघतं. पॅलेडियमचं एका दुपारचं काम प्लॅटिनमकडून साध्या तापमानाला मागणं म्हणजे म्हशीला शर्यतीत उतरवणं. म्हणून एथॉक्सीएथेनॉल आणि पाणी तीनास एक, ८० अंश, नायट्रोजनखाली १६ तास. पाणी मीठ विरघळवतं, ग्लायकॉल ईथर लिगँड.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण पद्धतीच्या टिपणात ती कुणी लिहीत नाही. एथॉक्सीएथेनॉल प्रजननाला घातक आहे, त्वचेतूनही शिरतं. हूड, योग्य हातमोजे, आणि घरात बाळाचा विचार चालू असेल तर हे काम दुसऱ्याला दे. लाजायचं काही नाही. प्लॅटिनमची विरघळणारी क्लोरो-मिठं वजन करताना उडाली तर दम्यासारखी ॲलर्जी लागते आणि एकदा लागली की थोड्याशा धुळीनेही उसळते. तराजूशेजारचा पंखा बंद ठेव.

आता दुप्पट सिग्नल. तू लिगँड किती घेतलास ते लिहिलं नाहीस, पण प्रचलित पद्धत दोन ते अडीच समतुल्यांची आहे, तीच घेतली असणार. इतका लिगँड असला की फ्लास्कमधून पुलाचा डायमर बाहेर पडायच्या आधीच मोकळं फिनाइलपिरिडीन त्याचा पूल तोडून टाकतं. हाती येतं ते असं: एका प्लॅटिनमवर एक लिगँड कार्बन आणि नायट्रोजन दोन्हींनी घट्ट बसलेला, दुसरा फक्त नायट्रोजनने टांगलेला, चौथ्या कोपऱ्यात क्लोराइड. एका लिगँडने प्रोटॉन दिला, दुसऱ्याने नाही. तुझे दुप्पट सिग्नल या दोन लिगँडांचे.

रांग कशी लागते तेही ठरलेलं असतं. कार्बन आपल्या समोरच्या बंधाला लांबवतो, म्हणून त्याच्या समोर क्लोराइडसारखा कमी हट्टी गडीच टिकतो. टांगलेला नायट्रोजन वलयातल्या नायट्रोजनसमोर, म्हणजे कार्बनच्या बाजूला बसतो. आणि जागा पुरत नसल्याने तो चौरसाच्या पातळीत मावत नाही, जवळपास काटकोनात उभा राहतो.

ही मांडणी एनएमआरमध्ये नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. धातूला जोडलेल्या कार्बनच्या शेजारी बेंझीन वलयावर एक प्रोटॉन आहे. उभ्या राहिलेल्या पिरिडीनचा चेहरा नेमका त्याच्यावर येतो आणि वलयप्रवाहाच्या (वलयात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या) सावलीत तो ६.२ पीपीएमच्या आसपास घसरतो. सुगंधी प्रोटॉन इतक्या खाली सहसा येत नाही, त्यामुळे तो एकटा उभा दिसतो, डबलेट, इंटिग्रेशन एक. दुसऱ्या टोकाला ९.६ च्या आसपास वलयातल्या पिरिडीनचा नायट्रोजनशेजारचा प्रोटॉन, क्लोराइडच्या शेजारामुळे वर ढकललेला. टांगलेल्या पिरिडीनचा जोडीदार ९.२ च्या आसपास. आणि आठच्या पुढे दोन प्रोटॉनांचा एक डबलेट शोध: टांगलेल्या फिनाइलच्या दोन्ही ऑर्थो जागा, दोन्ही शाबूत, म्हणजे या लिगँडचा कार्बन बसलेला नाही. प्रोटॉनांची बेरीज सतरा. हे सगळे एकास एक प्रमाणात आले तर ते दोन पदार्थांचं मिश्रण नाही, एकच रेणू आहे. मिश्रणात इतकं गोल प्रमाण दर बॅचला येत नाही. माझ्या त्या पाच कॉलमांत हेच मला दिसत असूनही सुचलं नव्हतं.

पॅलेडियमवरही हाच साक्षीदार कामाला येतो. क्लोराइड डायमरला ट्रायफिनाइलफॉस्फीन दिलंस की फॉस्फरस नायट्रोजनसमोर बसतो, कार्बनसमोर नाही, आणि फॉस्फीनची फिनाइलं त्या शेजारच्या प्रोटॉनवर सावली धरून त्याला साडेसहाच्या खाली आणतात. मर्सियाच्या होसे व्हिसेंते यांनी पॅलेडियमवर कार्बन आणि फॉस्फरस समोरासमोर बसायला कचरतात या वागण्याला ट्रान्सफोबिया असं नाव दिलं (ट्रान्स म्हणजे समोरासमोर). नाव गमतीचं वाटतं, पण रचना ठरवताना रोज उपयोगी पडतं.

विश्लेषणाने खात्री करून घे. टांगलेल्या लिगँडसह कॉम्प्लेक्सचं रेणुभार ५३९.९, कार्बन ४८.९४, नायट्रोजन ५.१९ टक्के. डायमर असता तर कार्बन ३४.३४, नायट्रोजन ३.६४. ईएसआय वस्तुमान पटात (आयनांचं वस्तुमान मोजणाऱ्या तपासणीत) क्लोराइड गेलेला ५०४ चा संच दिसेल, १९४, १९५ आणि १९६ या तीन समस्थानिकांमुळे तीन उंच रेघांचा. फक्त ३९० दिसलं तर ते वलय आणि यंत्रातलं ॲसिटोनायट्राइल, त्यावरून काही ठरवू नकोस. टांगलेला लिगँड तिथे गळून पडतो.

प्लॅटिनम हळू असलं तरी त्याची एक मेहेरबानी आहे. त्याचा १९५ वस्तुमानाचा समस्थानिक ३३.८ टक्के, फिरकी अर्धा. त्यामुळे धातूजवळच्या प्रत्येक प्रोटॉनच्या दोन्ही बाजूंना लहान उपग्रह रेघा येतात, साधारण एकास चारास एक. ९.६ आणि ६.२ च्या सिग्नलना त्या दिसल्या की हे प्रोटॉन धातूच्या शेजारचे हे पक्कं. पॅलेडियम अशी साक्ष देत नाही. आणि तुला उपग्रह दिसत नसतील तर यंत्र फार चांगलं आहे म्हणूनही असेल! जास्त चुंबकीय क्षेत्रात प्लॅटिनम इतक्या वेगाने शिथिल होतं की उपग्रह पसरून जमिनीत मिसळतात. ५०० मेगाहर्ट्झवर न दिसणारे उपग्रह विभागातल्या जुन्या ३०० वर स्वच्छ दिसतात. जुनं यंत्र अजून चालू असेल तर त्याची रांग लाव, तिथे गर्दीही नसते.

मग डायमरचं काय? बहुतेक वेळा तुला तो लागतच नाही. तुझं ध्येय प्रकाश देणारं ॲसिटिलॲसिटोनेट कॉम्प्लेक्स असेल, आणि प्रश्नावरून तसं वाटतं, तर हेच "अशुद्ध" पिवळं घन थेट पुढे ने. तीन समतुल्य ॲसिटिलॲसिटोन, दहा समतुल्य सोडियम कार्बोनेट, एथॉक्सीएथेनॉलमध्ये १०० अंश, १६ तास. ॲसिटिलॲसिटोनेट दोन हातांनी धरतो, एका हाताने टांगलेला लिगँड आणि क्लोराइड दोघेही बाजूला होतात. आता कॉलम कर, डायक्लोरोमिथेनमध्ये. सुटलेलं फिनाइलपिरिडीन इथे खरोखर वेगळं करायचं असतं. उत्पादनात ॲसिटिलॲसिटोनेटचे दोन मिथाइल दोनच्या आसपास दोन वेगळ्या रेघांवर दिसले पाहिजेत, कारण एक ऑक्सिजन कार्बनसमोर आहे, दुसरा नायट्रोजनसमोर. मधला सीएच साडेपाचच्या जवळ, पिरिडीनचा प्रोटॉन नऊवर, उपग्रहांचं अंतर सुमारे ४० हर्ट्झ. नळीवर ३६५ नॅनोमीटरचा दिवा धर: घन लगेच उजळतो, द्रावण मात्र हवेतल्या ऑक्सिजनमुळे मंद राहतं. नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पुन्हा बघ, हिरवट उजेड वर येतो. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी शेजारच्या बाकावरच्याला बोलावतोच.

फॉस्फीनचं कॉम्प्लेक्स हवं असेल तर तिथेही प्लॅटिनमची साक्ष मिळते. फॉस्फरसच्या एनएमआरमध्ये प्लॅटिनम–फॉस्फरस युग्मन (एकाने दुसऱ्याच्या रेघा दुभंगण्याचं अंतर) चार हजार हर्ट्झच्या वर असेल तर फॉस्फरस नायट्रोजनसमोर आहे. दोन हजाराच्या आसपास आलं तर तो कार्बनसमोर बसला आहे आणि आधी नीट विचार कर, मग लिही.

आणि लिगँड खरंच हट्टी असेल तर टेट्राक्लोरोप्लॅटिनेट सोडून दे. पाण्यात त्यावर डीएमएसओ टाकलंस की दोन डीएमएसओचं डायक्लोराइड फिकट स्फटिकांत खाली बसतं. गाळ, धू, वाळव. ते सेंद्रिय द्रावकांत विरघळतं आणि सोडियम ॲसिटेटसोबत अमाइनांवर बरं चालतं. दोन्ही लिगँड कार्बनने बसवायचे असतील तर मात्र लिथियम लावलेला लिगँड लागतो. फोन झेलेव्स्की यांच्या गटाने १९८४ मध्ये फिनाइलपिरिडीनचं असं द्विवलयी प्लॅटिनम दिलं. त्यातही दोन कार्बन समोरासमोर नाहीत, शेजारी शेजारी आहेत. कारण वर आलंच आहे.

स्फटिकांचं. डायमरचे स्फटिक मिळवायला आठवडे घालवू नकोस, पूल तोडलेले एकेरी रेणू जास्त शहाणे असतात. डायक्लोरोमिथेनचं गाळलेलं द्रावण अरुंद नळीत, वर पिपेटने भिंतीवरून हेक्सेन सोडायचं, थर न ढवळता. नळी फ्रिजवर ठेवू नकोस. काँप्रेसरची थरथर लागून पूड पडते. रचना आली की चार आकडे आधी तपास: धातू–कार्बन दोनच्या जरा खाली, धातू–नायट्रोजन दोनच्या जरा वर, वलयातला कोन ८१–८२ अंश, आणि कार्बनसमोरचा क्लोराइड नायट्रोजनसमोरच्यापेक्षा लांब. कार्बन आणि नायट्रोजन क्ष-किरणांना जवळपास सारखेच दिसतात. हे आकडे उलटे आले तर अणूंना नावं देताना अदलाबदल झाली असायची शक्यता जास्त. सपाट प्लॅटिनम कॉम्प्लेक्समध्ये शेजारच्या रेणूंचे प्लॅटिनम एकमेकांपासून साडेतीन अँगस्ट्रॉमच्या आत आलेत का तेही मोज. तसं असेल तर घनाचा रंग आणि उजेड द्रावणापेक्षा वेगळा, लालीकडे झुकलेला दिसू शकतो, आणि मग परत कुणीतरी म्हणेल इम्प्युअर आहे.

त्या दोन दिवसांच्या मिथेनॉलच्या तळाला लाल पूड राहिली होती ना? फेकली नसशील तर गाळून पाण्यात विरघळव. त्यातलं बरंचसं टेट्राक्लोरोप्लॅटिनेट अजून जसंच्या तसं असेल, आणि पुढच्या बॅचला पुरेल.